नाव लाकडावर, चेहरा दगडात

या महिन्याच्या ‘वाचकांचे प्रश्न’ सदरासाठी आलेली पत्रे बहुतेक एकाच विषयावरची आहेत. गेल्या अंकात आम्ही मिंग आणि चिंग काळातील चिनी पूर्वजचित्रांवर एक छोटे टिपण छापले होते. रेशमावर किंवा कागदावर रंगवलेली, थेट समोर पाहत खुर्चीत बसलेल्या दिवंगत आई-वडिलांची ही चित्रे वर्षातून मोजक्या दिवशीच भिंतीवर लावली जात आणि एरवी गुंडाळून ठेवली जात, एवढे त्यात सांगितले होते. त्यावर अनेकांनी विचारले आहे की चित्रे होती तर मूर्ती कुठे आहेत, आणि त्याही दगडाच्या का दिसत नाहीत? निवडक पत्रांना खाली उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : चिनी लोक पूर्वजांना इतके मानतात, शिवाय दगडाचे कामही तिथे हजारो वर्षे चालत आले आहे. तरीही घरोघरी आजोबा-पणजोबांच्या दगडी मूर्ती का नाहीत? (सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की ज्याला पुजायचे त्याची मूर्ती असणारच. आपल्याकडे हे इतके अंगवळणी पडले आहे की वेगळे काही असू शकेल हे चटकन सुचत नाही. चिनी घराण्यात मात्र पूर्वजाची जागा त्याच्या नावाने ठरते. ते नाव एका उभ्या लाकडी पाटीवर लिहिले जाते. तिला शेन्झू म्हणतात, आणि धूप, अन्न, मद्य हे सगळे तिच्यापुढे ठेवले जाते.

ही पाटी कशी असावी, हे अकराव्या शतकातील विचारवंत चेंग यी याने बारकाईने सांगून ठेवले आहे. लाकूड चेस्टनटचे असावे. बैठक चार सुन लांब-रुंद असावी, कारण ऋतू चार आहेत. उंची एक छी दोन सुन, म्हणजे एकूण बारा सुन असावी, कारण महिने बारा आहेत. (छी हे चिनी फुटाचे माप असून सुन हा त्याचा दहावा भाग, आणि फन हा सुनाचा दहावा भाग.) रुंदी तीस फन, महिन्याच्या दिवसांइतकी; जाडी बारा फन, कारण चिनी दिवसाचे प्रहर बारा. अशा रीतीने सगळे वर्ष एका हातात मावेल एवढ्या फळीत बसवले, आणि मधोमध माणसाचे नाव लिहिले.

या पाटीचा एक विधी मला फार बोलका वाटतो. पाटीवर शेवटी ‘झू’ हे अक्षर यायचे असते, पण लिहिणारा ते मुद्दाम अपुरे ठेवतो. वरचा ठिपका गाळला की ते ‘वांग’ म्हणजे ‘राजा’ असे दिसते. अंत्यविधीच्या वेळी एखाद्या मान्यवर व्यक्तीला बोलावून तिच्या हस्ते तो ठिपका द्यायचा, आणि त्या क्षणापासून ती फळी पूर्वजाचे अधिष्ठान होते. आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेत मूर्तीचे डोळे उघडतात, इथे एक अक्षर पुरे होते.

प्रतिमांविषयीची नाराजी याच चेंग यी याने उघड बोलून दाखवली आहे. त्याच्या काळात काही लोक पूर्वजांचे चित्र पुढे ठेवून पूजा करू लागले होते. त्यावर त्याचे म्हणणे असे की चित्रातला एखादा केस जरी मूळ माणसाशी जुळला नाही, तरी आपण दुसऱ्याच कुणाची पूजा करत बसतो. युक्तिवाद टोकाचा आहे खरा, पण त्यामागची भीती खरी होती, कारण पितरांचा घास परक्याच्या तोंडी जाणे यापेक्षा मोठी चूक त्या समाजाला सुचणे कठीण होते. चित्रकाराचा कुंचला चुकू शकतो, तर पाथरवटाची छिन्नी त्याहून चुकणार, कारण दगडातली चूक पुसता येत नाही.

याहून जुन्या काळी, म्हणजे झोऊ राजवटीच्या विधींत, पाटीच्याही आधी एक वेगळीच सोय होती. मृत आजोबांच्या जागी त्यांचा जिवंत नातू बसवत आणि आजोबांच्या वतीने तोच खाई-पिई. आपल्या श्राद्धात पितरांच्या स्थानी ब्राह्मण बसतो, तो वाचकांना इथे आठवेल. मुलाला मात्र या जागी बसवत नसत. तो मान नातवाचा.

हा विचार पुढे राजसत्तेनेही उचलला. मिंग सम्राट जियाजिंग याने 1530 मध्ये देशभरातील कन्फ्यूशियस मंदिरांतून कन्फ्यूशियसच्या मूर्ती काढून त्यांच्या जागी लाकडी पाट्या ठेवण्याचा हुकूम काढला. गावोगावच्या मूर्तींचा चेहरा एकमेकांशी जुळत नाही, आणि मूर्ती पुजणे ही बौद्धांची रीत आहे, अशी कारणे त्या वादात पुढे आली होती. अपवाद झाला तो चूफू या कन्फ्यूशियसच्या जन्मगावातील मंदिराचा. जिथे एवढ्या मोठ्या आचार्याची मूर्ती टिकली नाही, तिथे घरच्या पणजोबांची कुठून घडणार?

प्रश्न : मग दगडातील एकही खरा चेहरा, म्हणजे अमुक माणूस असाच दिसत होता असे म्हणता येईल असा, चीनमध्ये उरलेला नाही का? (नागपूर)

उत्तर : उरला आहे, आणि त्यातला सर्वांत विश्वासार्ह चेहरा एका माजी मीठचोराचा आहे.

वांग ज्यान याचा जन्म 847 मध्ये झाला. तरुणपणी तो चोरून मीठ विकत असे आणि गावात त्याला ‘चोर वांग’ म्हणून ओळखत. तांग साम्राज्य कोसळत असताना तो सैन्यात वर चढत गेला आणि 907 मध्ये त्याने सिचुआनमध्ये स्वतःचे राज्य स्थापून सम्राटपद घेतले. 918 मध्ये तो वारला. त्याची कबर चेंगदू शहराच्या ऐन वस्तीत एका मोठ्या मातीच्या टेकाडाखाली होती, पण लोक त्या टेकाडाला एका प्राचीन कवीचा वीणा वाजवण्याचा चौथरा समजत. 1940 मध्ये जपानी विमानांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी तिथे खंदक खणताना विटांची भिंत लागली, आणि 1942-43 मध्ये झालेल्या उत्खननात खरा प्रकार उघड झाला.

आतल्या मधल्या दालनात शवपेटीचा दगडी चौथरा आहे. त्याच्या बाजूंवर 24 स्त्रिया कोरलेल्या आहेत. त्यांतल्या दोघी नाचत आहेत आणि बाकीच्या बावीस वाद्ये वाजवत आहेत. अर्धे अंग जमिनीत गेल्यासारखे दिसणारे बारा योद्धे हा चौथरा पेलून धरतात. कलेच्या पुस्तकांत बहुधा याच वादक स्त्रियांची छायाचित्रे येतात, आणि ते साहजिक आहे. परंतु सगळ्यात मागच्या दालनात, दगडी आसनावर, जेमतेम 86 सेंटिमीटर उंचीची एक बसलेली मूर्ती आहे, आणि ती खुद्द वांग ज्यानची आहे. डोक्याला तांगकालीन पद्धतीची टोपी, अंगात साधा झगा, कमरेला पट्टा, हात बाह्यांत घालून पुढे जोडलेले. डोळे खोल आहेत, भुवया जाड, गालाची हाडे वर आलेली, ओठ पातळ. जुन्या इतिहासग्रंथात त्याचे वर्णन उंच भुवयांचा आणि रुंद कपाळाचा असे केले आहे, ते या चेहऱ्याशी जुळते. तिथे सिंहासन नाही, ड्रॅगन नाही, सम्राटाचा आवही नाही. दिवसभराचे काम आटोपून बसलेला एखादा वयस्कर गृहस्थ वाटावा, अशी ती मूर्ती आहे. माझ्या मते चिनी दगडी शिल्पात माणसाच्या इतक्या जवळ जाणारे काम दुसरे क्वचितच असेल.

दुसरे उदाहरण गुइझोऊ प्रांतातील जुन्यीजवळचे. बोझोऊ संस्थानचे यांग घराणे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राज्य करत होते. त्यांतील यांग त्सान याची तेराव्या शतकातील दगडी कबर 1950 च्या दशकात उजेडात आली. पती-पत्नीची दोन दालने शेजारीशेजारी आहेत आणि आत-बाहेर मिळून 190 कोरीव पट आहेत. पुरुषाच्या दालनातील मागच्या भिंतीच्या देवळीत यांग त्सान अधिकाऱ्याच्या वेशात, हाताच्या खुर्चीत बसलेला आहे. हे संस्थानिक स्वतःला अस्सल चिनी दरबारी म्हणवून घेण्यास उत्सुक असत, आणि ती हौस या वेशात स्पष्ट दिसते.

मात्र याच प्रदेशात, याच काळात, उलट प्रकारही दिसतो. सिचुआनमधील लूशियान इथल्या दक्षिण सोंगकालीन कबरींत मागच्या भिंतीवर एक पडदा कोरलेला असतो, त्याच्यापुढे एक खुर्ची, बाजूला सेवक. खुर्चीत कुणीही नसते. पाथरवटाने खुर्चीचे पाय आणि पाठ मन लावून कोरले आणि माणूस मात्र सोडून दिला. चेंग यी याची केसाची शंका ज्यांनी ऐकली असेल, त्यांना ही रिकामी खुर्ची बरोबर उमगेल.

या दोन्ही मूर्ती, वांग ज्यानची आणि यांग त्सानची, कबरीच्या आत बंद होत्या, हे लक्षात घ्यावे. त्या कुणी पाहाव्यात यासाठी घडवल्याच नव्हत्या. घरातल्या देव्हाऱ्यात पाटी आणि जमिनीखाली चेहरा, अशी ही वाटणी होती.

प्रश्न : धरणाच्या बांधकामात सापडलेल्या एका दगडी पुतळ्याविषयी कुठेतरी वाचले होते. तोही पूर्वजाचाच का? (औरंगाबाद)

उत्तर : तो ली बिंग या अधिकाऱ्याचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सुमारे 256 च्या सुमारास, याने मिन नदीवर दूज्यांगयेनची जलव्यवस्था उभारली. आजही चेंगदूच्या मैदानाला तिचे पाणी मिळते. 1974 मध्ये तिथल्या बाहेरच्या प्रवाहावर झडपांचे काम चालू असताना नदीच्या पात्रातून हा पुतळा निघाला. उंची 2.9 मीटर, वजन सुमारे साडेचार टन. सध्या तो जवळच्याच फूलोंग मंदिरात उभा आहे. पायघोळ झगा, छातीशी घेतलेले हात आणि चेहऱ्यावर किंचित हसू.

त्याच्या छातीवर आणि बाह्यांवर मजकूर कोरलेला आहे. मधल्या ओळीत ‘दिवंगत शू प्रांताधिकारी ली, नाव बिंग’ असे आहे (शू हे सिचुआन भागाचे जुने नाव). बाजूच्या ओळींत इसवी सन 168 ही तारीख पडते, पाणीखात्याच्या दोघा अधिकाऱ्यांनी तीन दैवी दगडी माणसे घडवली असे सांगितले आहे, आणि त्यांनी दहा हजार पिढ्या पाण्यावर लक्ष ठेवावे असा हेतूही नोंदवला आहे. म्हणजे ली बिंगनंतर चारशे वर्षांनी तो घडला. त्याला पाहिलेले तर कुणी नव्हतेच, पण त्याला पाहिलेल्याला पाहिलेलेही कुणी हयात नव्हते. म्हणून हा चेहरा ‘खरा’ नाही. पाथरवटाला ते माहीत असणार, आणि म्हणूनच नाव थेट छातीवर आले.

जुन्या ग्रंथात असेही म्हटले आहे की ली बिंगने स्वतःच नदीत तीन दगडी माणसे उभी केली होती, आणि पाणी आटले तरी त्यांच्या पावलांखाली जाऊ नये, वाढले तरी खांदे बुडू नयेत, असा करार नदीशी केला होता. पाणी मोजण्याची याहून सोपी पट्टी मला माहीत नाही. ली बिंग कुणा एका कुळाचा पूर्वज नव्हता, पण त्या पाण्यावर जगणाऱ्या सगळ्या मुलखाने त्याला पूर्वजासारखे मानले.

प्रश्न : आम्ही बीजिंगजवळ मिंग सम्राटांच्या कबरी पाहिल्या. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले दगडी पुरुष हे त्यांचे पूर्वज असल्याचे सोबतच्या एकाने सांगितले. (ठाणे)

उत्तर : नाही. ते नोकरचाकर आहेत, फार तर दरबारी म्हणा. त्या रस्त्यावर 24 प्राणी आणि 12 माणसे आहेत. माणसांमध्ये चार सेनाधिकारी, चार मुलकी अधिकारी आणि चार विशेष मान मिळालेले दरबारी. कुणाचेही नाव कोरलेले नाही, कारण तो कुणी एक माणूस नसून पद आहे. कबरीवरच्या अशा दगडी माणसांना चिनी भाषेत वेंगझोंग म्हणतात. चिन राजवटीतील एका महाकाय सेनापतीचे नाव त्यांना चिकटले अशी आख्यायिका आहे.

याला एक लक्षणीय अपवाद शान्शी प्रांतातील छ्येनलिंग येथे आहे. तांग सम्राट गाओझोंग आणि सम्राज्ञी वू झत्येन यांच्या समाधीपुढे परदेशी राजे-दूतांचे 61 पुतळे उभे आहेत आणि त्यांच्या पाठीवर देश व नाव कोरलेले होते. त्यांपैकी थोडीच नावे आता वाचता येतात. डोकी मात्र जवळजवळ सर्वांची गेलेली आहेत.

प्रश्न : मूर्तीत जीव असतो अशी समजूत चिनी लोकांत होती का? (बेळगाव)

उत्तर : होती, आणि तिची गोष्ट दगडावरच कोरलेली आहे. शानडोंग प्रांतातील जियाशियांग येथे वू लिआंग या विद्वानाचे पितृमंदिर आहे; तो 151 मध्ये वारला. पुरात गाडल्या गेलेल्या या मंदिराचे दगड 1786 मध्ये ह्वांग यी या अधिकाऱ्याने शोधून काढले. भिंतींवर पुराणपुरुष, राजे, पतिव्रता आणि मातृपितृभक्त पुत्र ओळीने कोरलेले आहेत. त्यांत डिंग लान आहे. आई-वडील लवकर गेलेल्या या मुलाने त्यांची लाकडी मूर्ती करून तिची जिवंत माणसासारखी सेवा केली. शेजारी काही उसने मागायला आला तर तो आधी मूर्तीला विचारत असे. पुढच्या काळातील कथेत त्याची बायको मूर्तीच्या बोटाला सुई टोचते आणि बोटातून रक्त येते. गंमत अशी की ज्या वू लिआंगसाठी हे सगळे कोरले, त्याची स्वतःची प्रतिमा तिथे नक्की कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मधल्या भिंतीवर दुमजली वाड्यात मुजरा स्वीकारणारा एक पुरुष आहे. कुणी त्याला वू लिआंग म्हणतात, कुणी राजा.

दगडाने माणसाला आपणहून ओळखल्याची एक नोंदही इतिहासात आहे. उत्तर वेई सम्राट वेनचेंग याने 452 मध्ये बौद्धांवरील बंदी उठवली आणि स्वतःच्या अंगाकाठीची दगडी मूर्ती करण्याचा हुकूम दिला. मूर्ती पुरी झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर आणि पायांवर दगडातच काळे ठिपके आढळले, आणि ते सम्राटाच्या अंगावरील तिळांच्या जागी नेमके होते. त्या वेळी याला लोकांनी ईश्वरी खूण मानले. दोन वर्षांनी त्याच घराण्यातील पाच सम्राटांसाठी पाच बुद्धमूर्ती ओतल्या गेल्या. दातोंगजवळच्या युनगांग येथील सर्वांत जुन्या पाच लेण्यांतील प्रचंड बुद्धही त्या पाच सम्राटांसाठीच कोरले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पूर्वजाची मूर्ती करणे बरे दिसत नसेल, तर बुद्धाची मूर्ती करून ती पूर्वजाच्या नावे करायची, ही वाट पुढे हजारो सामान्य घरांनी धरली. लोंगमेनच्या लेण्यांत ‘सात पिढ्यांच्या माता-पित्यांसाठी’ असे शब्द दानलेखांत वारंवार येतात.

प्रश्न : चेहरा दगडावर रेषांनी कोरण्याची पद्धतही असते ना? (कोल्हापूर)

उत्तर : असते, आणि संख्येने पाहिले तर दगडावरचे चेहरे तिथे मुख्यतः याच पद्धतीने टिकले. सपाट घासलेल्या शिळेवर चित्रकाराची रेषा जशीच्या तशी खोदायची, मग तीवर ओला कागद थापून वरून शाईची पुरचुंडी फिरवायची, की काळ्यावर पांढऱ्या रेषांचा ठसा निघतो. असा ठसा कितीही घरांत जाऊ शकतो, हा तिचा मोठा फायदा. सूझोऊ येथील त्सांगलांग बागेत 1827 मध्ये बांधलेल्या सभागृहाच्या भिंतींत त्या शहराशी संबंधित 594 थोर पुरुषांचे चेहरे याच रीतीने खोदलेले आहेत. एका शिळेवर पाच जण, आणि प्रत्येकाच्या वर सोळा अक्षरांची स्तुती. नाव मात्र ‘पाचशे सत्पुरुषांचे मंदिर’. चौऱ्याण्णव जणांना हिशेबात कुणी धरलेले नाही.

प्रश्न : भावाने इंटरनेटवरून पती-पत्नीची दगडी जोडी घेतली. विक्रेता तिला ‘चिंग काळातील पूर्वजमूर्ती’ म्हणतो. ती खरी असेल का? (पुणे)

उत्तर : छायाचित्रावरून निवाडा देणे योग्य नव्हे, पण आपण पाठवलेली छायाचित्रे पाहता मी पैसे दिले नसते. घरगुती पूर्वजमूर्ती म्हणून बाजारात जुन्या वस्तू येतात त्या बहुतांशी हूनान प्रांतातल्या लाकडी मूर्ती असतात. त्या वीतभर उंचीच्या असतात आणि पाठीत झाकण असलेला कप्पा असतो. कप्प्यात कुणी, कधी, कोणत्या गावी आणि कशासाठी मूर्ती बसवली याचा कागद, वाळलेल्या वनस्पती, कधी एखादा वाळका किडा. दगडी जोड्या हा मुख्यतः बागा आणि हॉटेले सजवणाऱ्यांचा माल आहे. फूज्यान प्रांतातील हुइआन आणि हबेई प्रांतातील छूयांग ही दगडकामाची मोठी गावे आजही देशोदेशी असा माल पाठवतात, आणि ते काम उत्तम असते. त्याला जुने म्हणून विकणे एवढेच गैर.

घरच्या घरी एक गोष्ट पाहता येईल. चिंग अधिकाऱ्याच्या छातीवर पदाची चौकट असे. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी, सेनाधिकाऱ्याला प्राणी. त्याचा वरचा अंगरखा समोरून उघडणारा असल्याने छातीवरची चौकट मधोमध उभी दुभंगलेली असते, पाठीवरची अखंड. तुमच्या मूर्तीच्या छातीवर अखंड चौकट आहे, म्हणजे कोरणाऱ्याने बहुधा पाठीचे चित्र समोर ठेवले होते. शिवाय झग्याच्या खाचांत यंत्राच्या चकतीच्या एकसारख्या कमानदार रेघा दिसतात आणि माती फक्त तिथेच भरलेली आहे जिथे छायाचित्रात ती शोभून दिसते. आणि समजा ती खरीच निघाली, तर अडचण आणखी मोठी, कारण 1911 पूर्वीच्या पुरावस्तू चीनमधून बाहेर नेण्यास 2007 पासून बंदी आहे.

प्रश्न : आपल्याकडे पूर्वजांचे दगडी पुतळे ओळीने उभे केल्याचे उदाहरण आहे का? (जुन्नर)

उत्तर : आपल्याच तालुक्यात आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राजघराण्याच्या प्रतिमा मागच्या भिंतीवर ओळीने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत नाव होते. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी, आणि काही राजकुमार. देहाकृती आता नाहीत. खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा दिसतात आणि वर नावे वाचता येतात. पावसाळ्यानंतर, तिरपे ऊन आत येते तेव्हा जावे. अक्षरे अधिक ठसठशीत दिसतात.